धुनेच्या नावातले माणूस: स्कॉटिश फिडलच्या शीर्षकांचा माग

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षकांनी दिलेल्या हस्तलिखित कागदावर एका रीलचे (जलद नाचधुनेचे) नाव ‘मिस मॅक्लाउड’ आहे, छापील पुस्तकात तीच धून ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे’ म्हणून आली आहे, आणि एका अमेरिकी ध्वनिमुद्रणावर तिला ‘हॉप हाय लेडीज’ म्हटले आहे. या बाई खरोखर होऊन गेल्या का, त्या एक की दोन, आणि स्कॉटिश फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातील व्हायोलिनच्या, शेकडो शीर्षकांत दिसणारी ही माणसे शोधायची तर कशी?

मी बरीच वर्षे स्कॉटलंडमध्ये राहून या धुना वाजवत आलो आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षे त्यांच्या नावांचा माग काढत आलो आहे. त्या अनुभवावरून एवढे नक्की सांगता येते की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या छापील संग्रहांमध्ये ज्या व्यक्तींची नावे आहेत, त्या बहुतांशी खऱ्या आणि छपाईच्या वेळी हयात असलेल्या व्यक्ती आहेत. यामागे त्या काळच्या वादकांच्या चरितार्थाची व्यवस्था आहे. पर्थशरमधील इन्व्हर गावचे नील गाऊ (१७२७ ते १८०७) हे अथोलच्या ड्यूकांच्या आश्रयाने वाजवत होते. फोकाबर्स येथे जन्मलेले विल्यम मार्शल (१७४८ ते १८३३) हे गॉर्डनच्या चौथ्या ड्यूकांच्या वाड्यावर कारभारी होते आणि फावल्या वेळात घड्याळेही बनवीत. नृत्यसभेला बोलावणारे, मुलींना नृत्य शिकवण्यासाठी वादक ठेवणारे आणि संग्रह छापण्यापूर्वीच त्याच्या प्रतींसाठी वर्गणी भरणारे लोक एकाच वर्तुळातले होते, आणि नव्या धुनेला त्यांच्या घरातील कोणाचे नाव देणे ही कृतज्ञतेची रूढ पद्धत होती. गाऊ यांचा १७८८ सालचा दुसरा संग्रह कॅलेडोनियन हंट या उमराव आणि जमीनदारांच्या मंडळाला अर्पण केलेला आहे. अशा संग्रहांच्या पहिल्या पानांवर छापलेली वर्गणीदारांची यादी पुष्कळ वाचक उलटून टाकतात. माझ्या मते शोधाची सुरुवात तिथूनच व्हावी, कारण शीर्षकातील घराणे त्या यादीत अनेकदा पूर्ण नाव-पत्त्यासह भेटते.

आता मूळ अडचणीकडे वळतो. ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे’ हे एका बाईंचे नाव समजून शोध घेतला तर तो फसतो. ते एका घराण्यातील स्थानाचे नाव आहे, आणि त्या स्थानावर वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या स्त्रिया होत्या. स्कॉटलंडमध्ये आडनावानंतर ‘ऑफ’ घालून जे गाव किंवा बेट सांगितले जाते, ते त्या व्यक्तीचे राहण्याचे ठिकाण असतेच असे नाही. ती तिच्या कुटुंबाच्या मालकीची जमीन असते, आणि त्या जमिनीच्या मालकाला लेअर्ड म्हणतात. लेअर्डला पुष्कळदा नुसत्या जमिनीच्या नावाने हाक मारीत. त्याची पत्नी ही ‘मिसेस’, थोरली अविवाहित मुलगी ही केवळ ‘मिस’ आणि आडनाव, तर धाकट्या मुलींच्या बाबतीत ‘मिस’नंतर पाळण्यातले नाव येते. थोरलीचे लग्न झाले की पुढची बहीण नुसती ‘मिस’ होते. त्यामुळे एकच शीर्षक दहा वर्षांच्या अंतराने दोन बहिणींना लागू पडू शकते. म्हणून मी प्रत्येक शोधात आधी काळ ठरवतो आणि मगच माणसाकडे जातो.

रासे हे स्काय बेटाला लागून असलेले लहान बेट आहे. ही रील छापील स्वरूपात गाऊ कुटुंबाच्या १८०९ सालच्या पाचव्या संग्रहात येते, आणि तेथे ती स्काय बेटावरची अस्सल रील असून श्री. मॅक्लाउड यांनी कळवली आहे, अशी टीप आहे. १८०९ मध्ये रासेचे लेअर्ड जेम्स मॅक्लाउड होते. वडिलांच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये जमीन त्यांच्याकडे आली होती. तेव्हा छापील शीर्षकातील ‘मिसेस’चा निर्देश त्यांच्या पत्नीकडे आहे, आणि धून कळवणारे श्री. मॅक्लाउड त्याच घराशी सुसंगत बसतात. ‘मिस’ हा पाठ नंतरचा आहे. धून आयर्लंडमध्ये गेली तेव्हा तिथे ‘मिस मॅक्लाउड’ हेच नाव रूढ झाले, आणि अटलांटिकपलीकडे तर नावातून बाईही गळाल्या आणि बेटही गळाले. धून कानावरून शिकली जाते तेव्हा सूर बऱ्यापैकी टिकतात आणि नाव सर्वांत आधी झिजते. म्हणून एकाच धुनेची अनेक नावे समोर आली तर सर्वांत जुन्या छापील नावावर विसंबावे.

परंतु समजा एखाद्याने ‘मिस’ हाच पाठ खरा धरला, तर काय होईल ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १७७३ मध्ये इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार जेम्स बॉझवेल रासेला उतरले, तेव्हा तिथल्या लेअर्डना तीन मुलगे आणि दहा मुली होत्या, आणि घरात रोज रात्री फिडलवर नृत्य चाले, अशी नोंद बॉझवेल यांनी केली आहे. म्हणजे रासेच्या मिस मॅक्लाउड एका वेळी दहा होत्या. त्यांतल्या थोरल्या फ्लोरा यांचे लग्न १७७७ मध्ये जेम्स म्यूर कॅम्बेल यांच्याशी झाले आणि १७८० मध्ये मुलीच्या जन्मावेळी त्या वारल्या. पती लाउडनचे अर्ल (उमरावांतील एक पदवी) झाले ते १७८२ मध्ये, त्यामुळे फ्लोरा मॅक्लाउड स्वतः कधीच काउंटेस, म्हणजे अर्लची पत्नी, झाल्या नाहीत. मात्र १७८६ मध्ये अर्लही गेल्यावर त्यांची लहानगी मुलगी, तिचेही नाव फ्लोराच, स्वतःच्या हक्काने लाउडनची काउंटेस झाली. थोरल्या फ्लोरांची धाकटी बहीण इझाबेला हिच्या बहीण आणि मेहुणा गमावल्याच्या दुहेरी दुःखावर स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांनी गीत लिहिले आणि ते एका जुन्या शोकधुनेवर बसवले. कवितेतील रासेची मिस मॅक्लाउड ती ही, रीलमधील नव्हे. नाव जुळले एवढ्यावरून गीतातली बाई रीलमध्ये आणून बसवण्याची चूक फार वेळा होते.

याच घराण्याचा एक धागा मराठी वाचकाला ओळखीचा आहे. लाउडनच्या या तरुण काउंटेसचे लग्न १८०४ मध्ये मॉयराचे अर्ल फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज यांच्याशी झाले. हे मॉयरा १८०३ पासून स्कॉटलंडमधील सैन्याचे मुख्य सेनापती होते आणि एडिंबराच्या उच्चभ्रू वर्तुळात त्यांचे मोठे स्वागत झाले; ‘लॉर्ड मॉयराज वेलकम टू स्कॉटलंड’ हे शीर्षक त्याच प्रसंगाचे आहे, आणि पेझ्लीचे विणकर कवी रॉबर्ट टॅनाहिल यांनी लाउडनच्या रानावनांवरचे आपले गीत त्याच धुनेवर रचले. पुढे १८१३ ते १८२३ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल असलेले आणि १८१८ मध्ये ज्यांच्या कारकिर्दीत पेशवाई संपली ते लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणजे हेच गृहस्थ. दरम्यान त्यांना हेस्टिंग्जचे मार्क्विस ही पदवी मिळाली आणि मॉयरा हे नाव मागे पडले. ज्या नावाने आपण त्यांना इतिहासाच्या पुस्तकात ओळखतो ते नाव धुनेत नाही आणि धुनेतले नाव आपल्या पुस्तकात सहसा दिसत नाही. पदवी बदलली की त्याच माणसाचा माग दोन तुकड्यांत तुटतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हीच गोष्ट उलट बाजूने फार उपयोगी पडते, कारण बदललेल्या पदवीवरून धुनेचा काळ बांधता येतो. गॉर्डनचे चौथे ड्यूक आणि डचेस जेन मॅक्सवेल यांना पाच मुली होत्या. ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल यांच्या मुलीला जन्मापासून ‘लेडी’ आणि पाळण्यातले नाव असे संबोधन मिळते, आणि तिने सामान्य पदाच्या पुरुषाशी लग्न केले तरी ते कायम राहून केवळ आडनाव बदलते. याउलट ‘लेडी’ आणि लगेच आडनाव असे शीर्षक असेल तर ती बहुधा बॅरोनेटची (वंशपरंपरेने ‘सर’ असलेल्याची) किंवा नाइटची (हयातीपुरते ‘सर’ असलेल्याची) पत्नी असते. आता ‘लेडी मॅडेलिना सिंक्लेअर’ हा स्ट्रॅथस्पे (रीलपेक्षा संथ नाचधून) पाहा. ड्यूकांची ही मुलगी १७८९ मध्ये सर रॉबर्ट सिंक्लेअर यांच्याशी विवाहबद्ध झाली, १७९५ मध्ये विधवा झाली आणि १८०५ मध्ये पामर आडनावाच्या गृहस्थांशी तिने पुनर्विवाह केला. म्हणजे हे शीर्षक १७८९ पूर्वी संभवतच नाही आणि १८०५ नंतर नव्याने दिले जाणार नाही. ग्रंथपालाला संग्रहाचे साल ठाऊक नसले तरी बाईंच्या दोन लग्नांनी ते सोळा वर्षांच्या आत आणून दिले. अर्थात नंतरच्या पुनर्मुद्रणांत जुने नाव तसेच राहते, म्हणून ही रीत पहिल्या छपाईलाच लावावी.

ही रीत जिथे चालत नाही अशी जागाही सांगितली पाहिजे. आर्गाइलच्या ड्यूकांची कन्या लेडी शार्लट कॅम्बेल हिचे नाव रॉबर्ट मॅकिंटॉश यांच्या धुनेत आहे. तिने १७९६ मध्ये लग्न केले ते कर्नल जॉन कॅम्बेल यांच्याशी, त्यामुळे लग्नापूर्वीचे आणि लग्नानंतरचे नाव अक्षरशः एकच राहिले, आणि ते १८१८ मध्ये बरी आडनावाच्या धर्मोपदेशकाशी दुसरे लग्न होईपर्यंत टिकले. मॅकिंटॉश १८०७ मध्येच वारले, तेव्हा इथे नावावरून काहीच हाती लागत नाही आणि संग्रहाच्या छपाईकडेच पाहावे लागते.

पुरुषांच्या बाबतीत अडचण येते ती पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या नावांची. ‘मनिमस्क’ ही धून आज सर्वत्र एका गावाच्या नावाने ओळखली जाते. न्यू इंग्लंडच्या नर्तकांनी तर त्यातून पैसा आणि कस्तुरी असे दोन इंग्रजी शब्द केले. परंतु डॅनियल डाउ (१७३२ ते १७८३) यांनी ती सुमारे १७७६ मध्ये छापली तेव्हा तिचे नाव ‘सर आर्चिबाल्ड ग्रँट ऑफ मनिमस्क यांची रील’ असे होते. काळाच्या ओघात माणूस गळून पडला आणि जमीन उरली. मनिमस्कच्या ग्रँट घराण्यात मात्र एकामागून एक असे तीन बॅरोनेट आर्चिबाल्डच आहेत. अगदी सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी टिपण लिहिताना मी ती धून पहिल्या आर्चिबाल्डच्या मुलाच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो, कारण रीलसारख्या उसळत्या नाचाशी मला तरुण माणूस जोडावासा वाटला. तो माझा तर्क होता, पुरावा नव्हे. ‘सर’ ही उपाधी वडिलांच्या मृत्यूनंतरच मुलाकडे येते, आणि वडील, म्हणजे अबरडीनशरच्या त्या उजाड जमिनीवर प्रचंड वृक्षलागवड करणारे दुसरे बॅरोनेट, १७७८ पर्यंत जिवंत होते. १७७६ चा अंदाज बरोबर असेल तर धून सुमारे ऐंशी वर्षांच्या वृद्धाच्या नावाची आहे. डाउ यांच्या पुस्तकावर साल छापलेले नाही, म्हणून सगळा निर्णय त्या अंदाजावर टेकलेला आहे. त्या काळच्या बहुतेक संगीतपुस्तकांची हीच स्थिती आहे, आणि साल ठरवण्यासाठी प्रकाशकाच्या दुकानाचा पत्ता फार कामी येतो. एडिंबराची पत्तेपुस्तके १७७३ पासून उपलब्ध आहेत. दुकान कोणत्या वर्षी कोणत्या रस्त्यावर होते हे त्यांतून कळते आणि मुखपृष्ठावरील पत्त्याशी ताडून पाहता येते.

संग्राहकांनी जाणूनबुजून नावे बदलली असतील तर गुंता वाढतो. मार्शल यांनी १८२२ च्या आपल्या मोठ्या संग्रहात तक्रार केली आहे की इतरांनी त्यांच्या धुना त्यांचे नाव न सांगता छापल्या आणि वर मूळ शीर्षके बदलून स्वतःची घातली. ती सौम्य शब्दांत केलेली असली तरी रास्त होती असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या दृष्टीने तिचा अर्थ असा की एकाच धुनेवर दोन स्त्रियांची नावे सापडली तर त्यांपैकी एक रचनाकाराच्या घराशी आणि दुसरी प्रकाशकाच्या ग्राहकाशी संबंधित असू शकते. दोघीही खऱ्या असतात. मार्शल यांच्याच ‘मिस अ‍ॅडमिरल गॉर्डन’ या स्ट्रॅथस्पेचे शीर्षक आज विचित्र वाटते, पण त्यात वडिलांची नौदलातील पदवी मुलीच्या नावापुढे लावलेली आहे: अ‍ॅडमिरल गॉर्डन यांची कन्या, एवढाच त्याचा अर्थ. या धुनेवर बर्न्स यांनी आपली पत्नी जीन आर्मर हिच्यासाठी गीत लिहिले आणि ते इतके लोकप्रिय झाले की आज धून ऐकताच लोकांना जीन आठवते. धून मात्र त्यापूर्वीच, १७८१ मध्ये, छापली गेली होती.

शीर्षकातील बाकीचे शब्दही नीट वाचावेत. ‘फेव्हरिट’ म्हटले असेल तर ती धून त्या व्यक्तीला आवडत होती एवढेच समजावे, ती तिच्यासाठी रचली असे नव्हे. शोकधुनेत मृत्यूचे वर्ष ही वरची नसून खालची मर्यादा असते, म्हणजे धून त्याआधीची असू शकत नाही. आणि ‘लॉर्ड’ या शब्दाने फसू नये, कारण स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीशही लॉर्ड म्हणवले जात आणि अनेकदा आपल्या जमिनीचे नाव लावीत, मात्र ते उमराव नसत.

प्रत्यक्ष शोधासाठी मी ज्या साधनांकडे प्रथम जातो ती सांगतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जॉन ग्लेन (१८३३ ते १९०४) यांचा जुन्या संगीतपुस्तकांचा संच संगणकावर पाहण्यासाठी खुला केला आहे, त्यात मूळ छपाया पानोपान पाहता येतात. जमीन नकाशावर सापडत नसेल तर टेलर आणि स्किनर यांचे १७७६ चे रस्त्यांचे नकाशे उघडावेत. त्यांत रस्त्याकडेच्या वाड्यांशेजारी मालकांची नावे छापलेली आहेत, आणि नेमके आपल्याला हवे त्या काळातली. विवाह आणि मृत्यूंच्या बातम्यांसाठी १७३९ पासून निघणारे ‘स्कॉट्स मॅगझिन’ आहे. चर्चच्या जुन्या परगणा-नोंदी १८५४ पर्यंतच्या आहेत, आणि १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची सरकारी नोंदणी सुरू होते. या नोंदींत एक गोष्ट फार मोलाची आहे: स्कॉटलंडमध्ये विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव कायदेशीर कागदांत आणि थडग्यांवरही टिकून राही. त्यामुळे शीर्षकात केवळ पतीच्या नावाने आलेली स्त्री एकदा दस्तऐवजात सापडली की तिचे माहेर, आणि तिथून तिचा सगळा गोतावळा उलगडतो.

ज्यांना जमीन नव्हती आणि पदवी नव्हती, त्यांचा शोध सर्वांत कठीण असतो. माझा स्वतःचा अधिक वेळ आता त्यांच्यासाठी जातो. फिडलवादक आणि रचनाकार जेम्स स्कॉट स्किनर (१८४३ ते १९२७) यांच्या काळापर्यंत ही परिस्थिती थोडी बदललेली दिसते. त्यांनी ड्रमब्लेअरच्या लेअर्डच्या नावाने स्ट्रॅथस्पे रचला, ते विल्यम मॅकहार्डी. दक्षिण अमेरिकेत संपत्ती मिळवून परतल्यावर त्यांनी स्किनर यांना राहायला विनाभाड्याचे घर दिले होते. पण त्याच स्किनर यांची ‘बॉनी लास ओ बॉन-अकॉर्ड’ ही १८८४ ची धून एका मोलकरणीसाठी आहे, जी त्यांना अबरडीनमधील एका मेजवानीच्या घरी भेटली. बॉन-अकॉर्ड हे अबरडीन शहराचे ब्रीदवाक्य. शीर्षकात मुलीचे नाव कुठेच नाही. तिचे नाव विल्हेल्मिना बेल होते, हे धुनेसोबत सांगितल्या गेलेल्या हकिगतीमुळेच टिकले. ती हकिगत मागे राहिली नसती तर कोणत्याही वर्गणीदारांच्या यादीतून ती मिळाली नसती.

शेवटी पुन्हा १८०९ च्या त्याच पाचव्या संग्रहाकडे येतो, ज्यात आपली रील आहे. त्याच पुस्तकात नील गाऊ यांनी आपल्या दुसऱ्या पत्नीच्या मृत्यूवर रचलेली शोकधून आहे. ही माझ्या मते या संपूर्ण परंपरेतील सर्वांत सुंदर संथ धून होय. तिच्याखाली छापले आहे की ती दोघे तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिली आणि ती उत्तम पत्नी होती. एवढे सांगूनही तिचे नाव मात्र दिलेले नाही. ती पर्थची मार्गारेट अर्कार्ट, १८०५ मध्ये वारली. मी ही धून शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना शीर्षकाखाली तिचे नाव स्वतःच्या हाताने लिहायला सांगतो. आपल्याकडील रीलच्या कागदावर आपणही ‘मिस’ खोडून ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे, गाऊ, १८०९’ एवढे लिहून ठेवावे, म्हणजे आपल्याकडून पुढे ज्याला ही धून मिळेल त्याचा शोध योग्य घरापासून सुरू होईल.